ध्यानानें मेंदू बदलतो काय?

अमेरिकेच्या मॅसॅच्युसेट्स संस्थानांत वूस्टर नांवाचें कारखान्यांचें एक जुनें शहर आहे. तेथील विद्यापीठाच्या रुग्णालयांत १९७९ सालीं एक निराळाच वर्ग सुरू झाला. वर्गास येणारे लोक विद्यार्थी नव्हते, रोगी होते; आणि रोगीहि असे कीं ज्यांच्यापुढें डॉक्टरांनीं हात टेकले होते. कोणाची पाठ वर्षानुवर्षें दुखत होती, कोणाचें डोकें उठलें म्हणजे दोन दोन दिवस उतरत नसे. औषधें झालीं, शस्त्रक्रिया झाल्या, पण दुखणें होतें तेथेंच राहिलें. अशा मंडळींसाठीं जो अभ्यासक्रम आंखला गेला त्याचा पहिला पाठ पुढें फार प्रसिद्ध झाला. प्रत्येकाच्या तळहातावर एकच मनुका ठेवावयाची, आणि ती खावयाला कित्येक मिनिटें घ्यावयाचीं! आधीं ती नीट पाहावयाची, तिच्या सुरकुत्या बोटांनीं चांचपावयाच्या, वास घ्यावयाचा, मग जिभेवर ठेवून थांबावयाचें, आणि शेवटीं दांतांखालीं चिरडली जातांना जी चव फुटते तिच्याकडे सारें लक्ष लावावयाचें. जन्मभर मुठी मुठी मनुका खाल्लेल्या माणसांना आपण मनुका कधीं चाखलीच नव्हती असें त्या दिवशीं वाटूं लागे.

या वर्गाचे प्रवर्तक जॉन कबाट-झिन हे वैद्य नव्हते. ते जीवशास्त्राचे अभ्यासक. पण बौद्ध ध्यानपद्धतींचा अभ्यास त्यांनीं स्वतः वर्षानुवर्षें केला होता. वूस्टरपासून फार दूर नसलेल्या बॅरी या गांवीं एक विपश्यना केंद्र आहे. तेथें १९७९ च्या वसंत ऋतूंत शिबिरास बसले असतां ही योजना त्यांना सुचली. कर्मकांड नाहीं, देवता नाहीं, पंथ नाहीं. केवळ लक्ष देण्याची शिस्त रोग्यांना शिकवावयाची. पुढें या अभ्यासक्रमास ठराविक रूप आलें. आठ आठवडे, आठवड्यांतून एकदां अडीच तासांचा वर्ग, मध्यंतरीं एक दिवस पूर्ण मौन, आणि घरीं रोज सुमारें पाऊण तास अभ्यास. उताणें पडून पायाच्या अंगठ्यापासून टाळूपर्यंत एकेका अवयवावर लक्ष फिरवीत न्यावयाचें, आसनावर बसून श्वास येतांजातांना पाहावयाचा, कांहीं सोपीं योगासनें करावयाचीं, सामग्री एवढीच.

इंग्रजींत यास ‘माइंडफुलनेस’ म्हणतात. पालि ग्रंथांतील ‘सति’ म्हणजे संस्कृत ‘स्मृति’ या शब्दासाठीं ऱ्हीस डेव्हिड्स या पंडितानें १८८१ सालीं हा शब्द योजिला आणि तोच रूढ झाला. मराठींत त्यासाठीं नवा शब्द घडविण्याचें कारणच नाहीं. ‘अवधान’ हा शब्द आपल्याकडे सातशें वर्षांहून अधिक काळ नांदत आहे; ज्ञानेश्वरांनीं श्रोत्यांपाशीं पुनःपुन्हां मागितलें तें हेंच. लग्नाच्या बोहल्यावर भटजी ‘सावधान’ म्हणतात तेव्हां एका रामदासांच्या कथेखेरीज तें कोणी मनावर घेतल्याचें ऐकिवांत नाहीं, ही गोष्ट वेगळी.

या प्रवाहाचा महाराष्ट्राशीं असलेला संबंधहि ओढूनताणून आणलेला नव्हे. बॅरीचें केंद्र स्थापन करणारांपैकीं जोसेफ गोल्डस्टीन आणि शॅरन साल्झबर्ग हीं दोघें बोधगयेस ध्यान शिकलीं होतीं. तेथील त्यांच्या गुरूंपैकीं एक सत्यनारायण गोयंका. मंडाल्यास १९२४ सालीं जन्मलेल्या या व्यापारी गृहस्थांनीं ब्रह्मदेशांत सयाजी ऊ बा खिन यांच्यापाशीं विद्या घेतली, १९६९ सालीं ते भारतांत आले, आणि त्याच वर्षीं मुंबईस त्यांचें पहिलें शिबिर झालें. १९७६ सालीं इगतपुरीच्या डोंगराच्या पायथ्याशीं त्यांचें केंद्र सुरू झालें, आणि त्याच सालीं अमेरिकेंत बॅरीचेंहि. तेव्हां कसारा घाट चढून दहा दिवसांच्या मौनास जाणारा मुंबईचा कारकून आणि बोस्टनच्या प्रयोगशाळेंत तपासला गेलेला अमेरिकन साधक हे एकाच आळीचे शेजारी म्हणावयास हरकत नाहीं.

आतां मुख्य प्रश्न. गेल्या वीस वर्षांत वृत्तपत्रांतून, पुस्तकांतून आणि मोबाइलवरील जाहिरातींतून एक वाक्य सारखें कानीं पडतें: आठ आठवडे ध्यान करा, मेंदूची रचनाच बदलून जाईल. मन शांत होईल असें नव्हे. मेंदूचा अमुक भाग जाड होईल आणि तमुक भाग आकसेल असें. हें विधान खरें असेल तर फारच मोठें आहे. खोटें असेल, तर त्यावर विसंबून पैसे, वेळ आणि क्वचित् औषधेंहि सोडणाऱ्या माणसाची ती घोर फसवणूक आहे. म्हणून त्याची बारकाईनें छाननी केली पाहिजे.

प्रौढ माणसाचा मेंदू वजनानें सुमारें १३०० ते १४०० ग्रॅम भरतो. त्यांत ८६०० कोटींच्या आसपास मज्जापेशी आहेत. अक्रोडाच्या गरासारख्या वळ्या पडलेलें त्याचें जें वरचें आवरण, तें सरासरीनें केवळ अडीच मिलिमीटर जाड असतें. हाच तो करड्या रंगाचा थर. पाहणें, बोलणें, बेत करणें, स्वतःला आंवरणें हे व्यापार मुख्यत्वें येथेंच चालतात. या विषयांत तीन भागांचीं नांवें वारंवार येतात. हिप्पोकँपस हा आकारानें समुद्रघोड्यासारखा भाग नव्या आठवणी जमविण्याचें व वाटा ध्यानांत ठेवण्याचें काम करतो. अमिग्डाला हा बदामाएवढा भाग धोक्याची चाहूल घेतो. रात्रीं दोरीला साप समजून माणूस मागें उडी मारतो त्यांत याचा हात मोठा. आणि वळ्यांच्या आंत दडलेला इन्सुला नांवाचा भाग शरीराच्या आंतल्या वार्ता, म्हणजे काळजाची धडधड, पोटांतली कालवाकालव, श्वासाची लय, मनापर्यंत पोंचवितो.

हे भाग प्रौढ वयांत बदलूं शकतात, हीच गोष्ट फार काळ कोणास पटत नव्हती. मज्जापेशींचीं अप्रतिम चित्रें काढून १९०६ सालीं नोबेल पारितोषिक मिळविणारे स्पॅनिश शास्त्रज्ञ सांतियागो रामोन य काहाल यांनींच पुढें असें लिहून ठेविलें होतें कीं, प्रौढ मेंदूंतील मार्ग कायमचे ठरून गेलेले असतात. तेथें मरण आहे, नवा जन्म नाहीं. एवढ्या मोठ्या माणसाचें मत म्हणजे शिलालेखच झाला. पुढें १९६० नंतरच्या दशकांत कॅलिफोर्नियांतील बर्कले येथें मॅरियन डायमंड आणि त्यांचे सहकारी यांनीं उंदरांवर प्रयोग केले. कांहीं उंदीर रिकाम्या पिंजऱ्यांत एकएकटे ठेविले, कांहींना सोबती, शिड्या, चक्रें, खेळणीं असा भरलेला संसार दिला. आणि संसारी उंदरांच्या मेंदूचें आवरण किंचित् जाड झालेलें निघालें. शिलालेखास पहिला तडा गेला तो येथें.

माणसाच्या बाबतींतला सर्वांत मनोवेधक पुरावा लंडनच्या टॅक्सीवाल्यांचा आहे. त्या शहरांत परवाना मिळविणें म्हणजे पोरखेळ नव्हे. चेरिंग क्रॉसपासून सहा मैलांच्या आंतले सुमारें २५ हजार रस्ते, त्यांवरील इमारती, कोठून कोठें जावयास कोणती वाट जवळची, हें सारें मुखोद्गत करावें लागतें. उमेदवार तीन तीन, चार चार वर्षें मोपेडवरून गल्ल्या पालथ्या घालतात, आणि तरीहि पुष्कळजण नापास होतात. दहा ग्रंथ पाठ करणाऱ्या दशग्रंथी ब्राह्मणाची आठवण व्हावी असा हा खटाटोप आहे. एलीनोर मॅग्वायर या विदुषीनें २००० सालीं अशा १६ टॅक्सीवाल्यांच्या मेंदूंचीं चित्रें इतरांच्या चित्रांशीं ताडून पाहिलीं, तेव्हां हिप्पोकँपसचा मागचा भाग टॅक्सीवाल्यांमध्यें मोठा आढळला. आणि ज्याची नोकरी जितकी जुनी तितका तो अधिक मोठा. ठरलेल्या एकाच मार्गावरून जाणाऱ्या बसचालकांमध्यें मात्र तसें कांहीं सांपडलें नाहीं.

तरीहि एक शंका उरतेच. तालमींत जाणारीं मुलें धट्टीकट्टी असतात. पण तालमीमुळें तीं धट्टीकट्टी झालीं, कीं मुळांत धट्टीकट्टी होतीं म्हणूनच तालमीच्या वाटेस गेलीं? ज्याचा हिप्पोकँपस जन्मतःच मोठा तोच टॅक्सीवाला होऊं शकत असेल तर? मॅग्वायर आणि त्यांच्या सहकारी कॅथरीन वूलेट यांनीं ही शंका टाळली नाहीं. त्यांनीं ७९ उमेदवारांना अभ्यास सुरू करण्याच्या वेळींच तपासलें आणि वाट पाहिली. त्यांतले ३९ उत्तीर्ण झाले. पुन्हां चित्रें घेतलीं तेव्हां उत्तीर्ण झालेल्यांचा तो भाग वाढलेला दिसला, नापास झालेल्यांचा वाढला नव्हता. आणि आरंभीं दोन्ही गटांत फरक नव्हता. हा निबंध २०११ सालीं प्रसिद्ध झाला. त्यांतली आणखी एक गोष्ट सहसा कोणी सांगत नाहीं: उत्तीर्ण झालेले लोक एका जातीच्या दृश्यस्मरणाच्या परीक्षेंत इतरांपेक्षां मागें पडले. मेंदूच्या पेढीवरहि एका खात्यांत जमा झालें कीं दुसऱ्या खात्यांतून कांहीं वजा होत असावें.

जर्मनींत २००४ सालीं झालेला प्रयोग याहून साधा आहे. कांहीं तरुणतरुणींना तीन चेंडू हवेंत फेंकून झेलण्याचा खेळ तीन महिने शिकविला. हलत्या वस्तूंचा माग घेणारा मेंदूचा भाग तेवढ्यांत किंचित् वाढला. मग त्यांना खेळ सोडावयास सांगितलें, आणि आणखी तीन महिन्यांनीं पाहिलें तों ती वाढ बरीचशी ओसरली होती.

तात्पर्य, मेंदू बदलतो यांत आतां वाद नाहीं. पण चेंडू झेलल्यानें जें होतें तें डोळे मिटून श्वास पाहिल्यानें होतेंच, असें यावरून सिद्ध होत नाहीं. तें निराळें सिद्ध करावें लागतें.

येथें मोजण्याच्या यंत्राविषयीं दोन शब्द आवश्यक आहेत. मेंदूचें चित्र घेणारें एम्. आर्. आय्. हें यंत्र म्हणजे एक प्रचंड चुंबक. शरीरांतल्या पाण्यांत हायड्रोजनचे अणु असतात. चुंबकाच्या प्रभावाखालीं त्यांचीं केंद्रकें एका शिस्तींत येतात, रेडिओलहरींनीं त्यांना ढोसलें म्हणजे तीं परत स्थिर होतांना सूक्ष्म संदेश सोडतात, आणि त्या संदेशांवरून गणकयंत्र चित्र रचतें. (म्हणजे ज्या जातीच्या लहरींवरून हें भाषण श्रोत्यांच्या घरीं पोंचतें, त्याच जातीच्या लहरींनीं डोक्याच्या आंतला नकाशा काढला जातो.) हें चित्र साधारणपणें एकेक मिलिमीटरच्या चौकोनी ठोकळ्यांचें बनलेलें असतें. मेंदूच्या आवरणाचा १ घन मिलिमीटर एवढा तुकडा अमेरिकेंत अत्यंत सूक्ष्म कापांनीं तपासून २०२४ सालीं त्याचें वर्णन छापण्यांत आलें. त्यांत सुमारें ५७ हजार पेशी आणि १५ कोटि जोडण्या निघाल्या! यंत्राच्या लेखीं हें सारें गांव म्हणजे एक ठिपका. तो ठिपका उजळ झाला तर आंत पेशी वाढल्या, कीं त्यांच्या फांद्या वाढल्या, कीं रक्तवाहिन्या, हें यंत्र सांगूं शकत नाहीं. शिवाय चित्र घेतांना डोकें थोडेंसें हललें तर आवरण आहे त्यापेक्षां पातळ मोजलें जातें. या शेवटल्या गोष्टीचा विचार ध्यानाच्या बाबतींत तर अवश्य केला पाहिजे. कारण तासन् तास निश्चल बसण्याची संवय असलेला साधक यंत्रांतहि इतरांपेक्षां अधिक स्थिर पडून राहणार हें उघड आहे.

या विषयांतलें गाजलेलें पहिलें संशोधन २००५ सालचें, बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल रुग्णालयांतील सारा लझार यांचें. त्यांनीं २० अनुभवी साधक घेतले. हे संन्यासी नव्हते. नोकरीधंदा सांभाळून रोज ध्यानास बसणारे संसारी लोक होते. तुलनेसाठीं ध्यान न करणारे १५ जण निवडले. साधकांच्या उजव्या इन्सुलाचा आणि कपाळामागच्या आवरणाचा कांहीं भाग इतरांपेक्षां जाड आढळला; फरक मिलिमीटरच्या एकदोन दशांशांइतका. वय वाढतें तसें हें आवरण पातळ होत जातें. पण कपाळामागच्या एका भागांत वयस्क साधक तरुणांच्या बरोबरीनें राहिलेले दिसले. बातमी जगभर पसरली, आणि पसरण्यासारखी ती होतीच. परंतु तालमीचा प्रश्न येथें जशाचा तसा उभा राहतो. वर्षानुवर्षें नेमानें ध्यान करणारी व्यक्ति मुळांतच वेगळ्या स्वभावाची, वेगळ्या आहारविहाराची असणार. लझार यांनाहि हें ठाऊक होतें. त्यांचा दावा संबंधापुरता होता, वृत्तपत्रांनीं त्याचें कारण केलें.

ही उणीव भरून काढण्यासाठीं त्याच प्रयोगशाळेंतून ब्रिटा हॉल्झल यांनीं २०११ सालीं दुसरा निबंध प्रसिद्ध केला. या वेळीं ध्यानाचा गंधहि नसलेले १६ लोक वूस्टरच्या धर्तीच्या आठ आठवड्यांच्या वर्गास बसले. वर्गापूर्वीं आणि वर्गानंतर त्यांच्या मेंदूचीं चित्रें घेतलीं. वर्गास न बसलेल्या १७ जणांचींहि घेतलीं. घरीं रोज सरासरीनें सत्तावीस मिनिटें अभ्यास केलेल्या या मंडळींच्या डाव्या हिप्पोकँपसमध्यें व आणखी कांहीं ठिकाणीं करड्या द्रव्याची घनता वाढलेली आढळली. त्याच गटानें आदल्या वर्षीं असेंहि दाखविलें होतें कीं, वर्गानंतर ज्यांचा ताण अधिक उतरला त्यांच्या उजव्या अमिग्डालाची घनता अधिक कमी झाली. ‘आठ आठवड्यांत मेंदू बदला’ या घोषणेचा जन्म येथला.

पण सोळा माणसें म्हणजे किती? एखाद्या वाड्यांतल्या चार बिऱ्हाडांत तेवढीं सांपडतात. दुसरें, कोणीं वर्गास बसावें आणि कोणीं बसूं नये हें चिठ्ठ्या टाकून ठरविलेलें नव्हतें. जे बसले ते ताण घालविण्याच्या इच्छेनें आपण होऊन आलेले. तिसरें, तुलनेचा गट नुसता घरीं बसला होता. वर्गास जाणाराला सोबत मिळते, शिकविणाराचें लक्ष मिळतें, ठरल्या दिवशीं घराबाहेर पडणें होतें; यांतल्या कशाचा परिणाम किती हें कसें ओळखावें? आणि मेंदूच्या हजारों ठिपक्यांत शोध घेतला म्हणजे केवळ योगायोगानें कांहीं ठिपके बदललेले दिसणें साहजिक असतें. पुढें २०१४ सालीं अशा २१ अभ्यासांचा, म्हणजे एकूण सुमारें ३०० साधकांचा, एकत्र आढावा घेण्यांत आला. मेंदूच्या आठ भागांत फरक दिसतो खरा, पण बहुतेक अभ्यास लहान असल्यामुळें जपून बोलावें, असाच त्याचा सूर होता. जपून बोलण्याचा सल्ला मथळे लिहिणारांपर्यंत पोंचत नाहीं, हा जुना अनुभव येथेंहि आला.

२०२२ सालीं विस्कॉन्सिन विद्यापीठांतून जो निबंध बाहेर पडला त्यानें हें चित्र पुष्कळच पालटलें. त्याच्या कर्त्यांत रिचर्ड डेव्हिडसन यांचें नांव आहे, ही गोष्ट लक्षांत ठेवण्याजोगी आहे. ध्यानाचा मेंदूशीं असलेला संबंध शास्त्राच्या दरबारांत मांडण्यासाठीं ज्यांनीं उभी हयात वेंचली अशा मोजक्या लोकांत त्यांची गणना होते. विद्यार्थिदशेंतच ते भारतांत येऊन ध्यान शिकून गेले. १९९२ सालीं धर्मशाळेस दलाई लामांची भेट झाल्यावर त्यांनीं तिबेटी भिक्षूंच्या मेंदूंचा अभ्यास आरंभिला. ध्यानाच्या बाजूनें कौल लागावा अशी इच्छा कोणास असेल तर ती त्यांना असावी.

त्यांच्या गटानें दोन प्रयोग एकत्र करून २१८ माणसें घेतलीं. पूर्वीं ध्यान न केलेलीं हीं माणसें तीन गटांत, आणि तींहि चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणें, वाटलीं. एका गटास आठ आठवड्यांचा ध्यानवर्ग. दुसऱ्यास तितक्याच आठवड्यांचा, तितक्याच तासांचा आरोग्यवर्ग. त्यांत व्यायाम, आहार आणि संगीत शिकविलें जाई, शिक्षकहि तितकेच कुशल आणि आस्थेवाईक, फक्त ध्यान तेवढें नाहीं. तिसऱ्या गटास थांबावयास सांगितलें. आधीं आणि नंतर चित्रें घेतलीं, आणि पूर्वीच्या निबंधांत ज्या ज्या भागांचीं नांवें आलीं होतीं ते ते भाग मुद्दाम तपासले. शिवाय सबंध मेंदूहि चाळून पाहिला. जाडी, घनता, आकारमान, कशांतहि ध्यानवर्गामुळें म्हणून झालेला फरक सांपडला नाहीं! आणि हा निकाल त्यांनीं दडवून न ठेवतां, निबंधाच्या मथळ्यांतच छापला. आपल्याच घरच्या मुलाला नापास करणारा परीक्षक क्वचित् भेटतो; तो भेटला म्हणजे त्या शाळेच्या इतर गुणपत्रकांवरहि विश्वास बसतो.

यावर आक्षेप निघाले, आणि ते रास्तहि आहेत. हॉल्झल यांच्या वर्गांत आलेले लोक ताणानें गांजलेले होते, विस्कॉन्सिनचे बहुतेक धडधाकट. ज्याला ज्वर नाहीं त्याचा ज्वर औषधानें कसा उतरावा? आठ आठवडे थोडे असतील. टॅक्सीवाल्यांना तीन वर्षें लागलीं होतीं. जर्मनींत लाइप्झिग येथें तान्या सिंगर यांच्या नेतृत्वाखालीं सुमारें ३०० जणांना नऊ महिने शिकविलें गेलें. तीन महिने अवधान, तीन महिने करुणा, तीन महिने दुसऱ्याच्या दृष्टीनें विचार करणें, असे त्यांचे भाग पाडले होते. २०१७ सालच्या त्यांच्या निबंधांत प्रत्येक शिक्षणाबरोबर आवरणाचे निरनिराळे भाग थोडे जाड होत गेल्याचें नमूद आहे. तेव्हां दरवाजा बंद झालेला नाहीं. पण आठ आठवड्यांत मेंदूचा आकार बदलल्याची हमी देणाराच्या हातीं आज पुरावा नाहीं, एवढें स्पष्ट बोलणें प्राप्त आहे.

मग वूस्टरच्या वर्गाला गेलेल्यांना बरें वाटलें तें काय खोटें? मुळींच नाहीं. येथें रचना आणि व्यापार यांत भेद केला पाहिजे. बाजाची पेटी तीच असते, सूर तेच, भाताहि तोच. शिकण्यापूर्वीं बोटें भलत्याच पट्टींवर पडतात आणि शिकल्यावर नेमकीं पडतात. पेटी उघडून मोजमाप घेतलें तर फरक कांहींच दिसावयाचा नाहीं. ध्यानास बसलेला माणूस काय करतो तें पाहिलें म्हणजे हें पटेल. त्यानें श्वासावर लक्ष ठेविलें. दहा श्वास झाले नाहींत तों मन कचेरींतल्या कालच्या बोलाचालीकडे धांवलें. थोड्या वेळानें तें धांवलें आहे असें त्याच्या ध्यानांत आलें. आणि स्वतःवर न चिडतां त्यानें तें परत आणलें. व्यायाम तो एवढाच, आणि खरी कसरत आहे ती ‘धांवलें आहे’ हें ओळखण्यांत. पुष्कळ नवशिक्यांना वाटतें कीं मन भटकलें म्हणजे ध्यान फसलें, आणि ते आठवड्याभरांत आसन गुंडाळून ठेवतात. वस्तुतः मन भटकलेंच नाहीं तर परत आणावयाचें काय? जोर काढणाराला खालीं गेल्यावांचून वर येतां येत नाहीं.

वेदनेच्या बाबतींत याचा उपयोग कसा होतो तें समजणें कठीण नाहीं. पाठींत कळ येते ती एक गोष्ट. आणि ‘ही आतां थांबावयाची नाहीं, उद्यां कामावर कसें जावें, जन्मभर असेंच चालणार’ ही मनांत उठणारी रांग ही दुसरी. कळ ही नसांची करणी आहे, रांग ही संवयीची. जो कळेकडे कळ म्हणून पाहावयास शिकतो त्याच्यापुरती ती रांग तुटते. दुखणें राहतें, दुखण्याचा जाच कमी होतो.

याला आधार आहे. २०१४ सालीं अमेरिकेंत ४७ प्रयोगांचा, म्हणजे साडेतीन हजार लोकांचा, कसून आढावा घेतला गेला. काळजी, खिन्नता आणि वेदना यांवर अशा ध्यानवर्गांचा मध्यम प्रमाणांत उपयोग होतो असें त्यांत निघालें. मात्र औषधें, व्यायाम किंवा इतर मानसोपचार यांहून ध्यान सरस ठरल्याचें दिसलें नाहीं. २०२२ सालीं प्रसिद्ध झालेल्या आणखी एका प्रयोगांत चिंतारोगानें पीडित अशा २७६ लोकांपैकीं निम्म्यांना आठ आठवड्यांचा ध्यानवर्ग आणि निम्म्यांना एसिटालोप्राम हें नेहमींचें औषध देण्यांत आलें. ध्यान औषधापेक्षां कमी पडलें नाहीं. कोणत्याहि प्रामाणिक उपायास अभिमान वाटावा असा हा निकाल आहे. त्याला मेंदूच्या वाढीचे अलंकार चढविण्याची गरज नव्हती.

अलंकारांनीं नुकसान मात्र होतें. चिंतारोगाचें औषध ध्यानवर्गाइतकेंच गुणकारी निघालें, याचा अर्थ चालू असलेलें औषध आपल्या मनानें बंद करावें असा कोणी करूं नये; तीं औषधें डॉक्टरांच्या देखरेखीखालीं हळुहळूच सोडावीं लागतात. त्याचप्रमाणें, रोज वीस मिनिटें घरीं बसणें निराळें, आणि दहा दिवस अखंड मौनांत रोज दहा तास बसणें निराळें. बहुतेकांना तें मानवतें. पण कांहींजणांना, विशेषतः पूर्वीं उन्माद किंवा तीव्र खिन्नता होऊन गेलेल्यांना, एवढ्या एकांतांत भीति, निद्रानाश, क्वचित् भ्रमहि जडल्याचीं उदाहरणें संशोधकांनीं नोंदविलेलीं आहेत. इगतपुरीच्या परंपरेंतील शिबिरांस फी नसते, जुन्या साधकांच्या दानावर तीं चालतात. पण प्रवेशपत्रांत मानसिक आजाराची माहिती विचारलेली असते ती याचसाठीं. ती लपवून शिबिर गांठण्यांत कसलाच पुरुषार्थ नाहीं. घरांतल्या वडीलधाऱ्या मंडळींनीं ‘जरा शिबिराला जाऊन ये म्हणजे ठिकाणावर येशील’ असें आजारी मुलास सांगण्यापूर्वीं डॉक्टरांस विचारावें.

वूस्टरच्या त्या पहिल्या रोग्यांचे मेंदू कोणीं मोजले नाहींत. १९७९ सालीं तसलें यंत्र रुग्णालयांतून आलेंच नव्हतें. कबाट-झिन यांनीं १९८२ सालीं त्यांतल्या ५१ जणांचा वृत्तान्त छापला. हे सारे जुनाट वेदनेचे रोगी, नेहमींच्या उपचारांनीं गुण न आलेले. वर्ग तेव्हां दहा आठवड्यांचा होता. वर्ग संपल्यावर त्यांना ठराविक प्रश्नांच्या कागदावर आपली वेदना पुन्हां मांडावयास सांगितलें. शेंकडा ६५ लोकांची वेदना निदान एकतृतीयांशानें, आणि निम्म्यांची निम्म्यानें किंवा त्याहूनहि अधिक उतरल्याचें त्या कागदांवर निघालें. तुलनेसाठीं दुसरा गट ठेविलेला नव्हता.